केळीचा चीक आणि दातांचा रंग

जळगाव जिल्ह्यात केळीच्या सालीने दात घासणारा माणूस शोधायला गेलात तर दिवस फुकट जाईल. मोबाइलवर मात्र तो रोज भेटतो. सालीची आतली बाजू दोन मिनिटं दातांवर चोळा, तिच्यातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दातांत शिरतं, आठ दिवसांत दात मोत्यासारखे होतात, असं तो हसत हसत सांगतो. इकडे रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात केळी मैलोन्‌मैल उभी आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला गेली. सालीचा उपाय खरा असता तर तापीकाठच्या माणसांचे दात अख्ख्या देशात उठून दिसले असते.

इथला माणूस या उपायाच्या वाटेला जात नाही, कारण त्याला केळी माहीत आहे. केळीचा घड उतरवणाऱ्या मजुराचा सदरा पाहा. खांद्यावर, बाहीवर, पोटाजवळ तपकिरी-काळे डाग. ते साबणाने जात नाहीत, सोड्याने जात नाहीत, लिंबानेही जात नाहीत. म्हणून केळीच्या कामाचे कपडे घरोघर वेगळे असतात आणि नवा कपडा घालून कुणी बागेत शिरत नाही. चिकात टॅनिनच्या जातीची द्रव्यं असतात. हवा लागली की ती गडद होत जातात. कापलेलं केळ आणि टाकलेली साल काळी पडते तीही अशाच क्रियेने. राहिला प्रश्न पोटॅशियमचा. ते दातावर चोळून दाताचा रंग बदलत नाही. मऊ सालीने चोळल्यावर वरवरचा थोडा लेप निघतो, पण तो ओल्या फडक्यानेही निघतो.

या एका उपायाची गंमत इथे संपते. त्यामागची हौस मात्र संपलेली नाही आणि ती खोटीही नाही. पूर्वी दात दुखला की दवाखाना आठवायचा. आता जळगाव आणि धुळ्यातल्या दंतवैद्यांकडे न दुखणारे दातही येतात. लग्न ठरलेलं असतं, फोटो काढायचे असतात, कुठे मुलाखत असते. खिशात पैसे असतील तर तरुण थेट ‘व्हाइटनिंग’ मागतो. नसतील तर घरी लिंबू आणि सोडा सुरू होतो. घरगुती बरं की डॉक्टरी बरं, असा वाद मग रंगतो. माझं मत असं की हा वादच चुकीच्या जागी चालला आहे. आधी विचारायला हवं की पिवळेपणा बसलाय कुठे, दातावर की दातात? वर बसलेला असेल तर तो साफसफाईचा प्रश्न आहे आणि स्वस्तात सुटतो. आत असेल तर स्वयंपाकघरातली कुठलीही वस्तू तिथवर पोहोचत नाही. खान्देशातल्या बहुतेक तोंडांत तो वर बसलेला असतो, आणि तो कशाने बसतो हे सांगायचं तर चहाच्या आधी तंबाखूचं नाव घ्यावं लागतं.

मिसरीपासून सुरुवात करू. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, वस्त्रगाळ करायची आणि बोटाने दातांवर-हिरड्यांवर फिरवायची. पुण्या-सोलापूरकडे हिला मशेरी म्हणतात. खान्देशात कुणी मिसरी लावतं, कुणी तपकीर. मिसरी लावणाऱ्या बाईला तुम्ही तंबाखू खाता का असं विचारलं तर ती रागावते. तिच्या लेखी ते दंतमंजन आहे. तंबाखू नवरा खातो, ती फक्त दात घासते. पण दिवसातून एकदा घासून तिचं भागत नाही. सकाळी चुलीपाशी, दुपारी भांडी झाल्यावर, रात्री अंथरुणावर टेकायच्या आधी बोट डबीत जातंच. ‘मिसरी लावल्याबिगर सकाय होत नही’ हे वाक्य लेवा पाटलांच्या गावांत ज्याने ऐकलं नाही त्याने ती गावं नीट पाहिलेली नाहीत. हे व्यसन आहे. निकोटीन हिरडीवाटे रक्तात जातं. डबी हरवली तर डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते.

मिसरी घराघरांत शिरली त्याला कारण आहे. हिरडी बधिर होते, म्हणून किडक्या दाताची कळ थोडा वेळ थांबते. गावात दंतवैद्य नव्हता तेव्हा बाईच्या हातात एवढाच उपाय होता. सासूने सुनेला, आईने लेकीला दिला तो औषध म्हणून दिला. त्यामुळे या बायकांना अडाणी म्हणणं मला पटत नाही. त्यांच्यापर्यंत डॉक्टर गेला नाही, तंबाखू गेली. फक्त कळ थांबली म्हणून दात बरा झाला असं नाही. कीड आत चालूच राहते आणि हिरडीच्या कडेने काळी रेघ चढत जाते. दात पांढरे करायला म्हणून जे बोटावर घेतलं, त्यानेच ते काळे केले.

या सवयीवर महाराष्ट्रात अभ्यासही जुना आहे. पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून केलेली तोंडाच्या कर्करोगाची आणि त्याआधीच्या खुणांची पाहणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. इतक्या माणसांच्या तोंडात डोकावून केलेलं काम जगात फार नाही. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही ती टिकली. पण ही बंदी कारखान्याला आहे, तव्याला नाही. घरी भाजलेल्या मिसरीला कुठला कायदा अडवणार? तयार मिसरीही तंबाखू म्हणून, कर्करोगाच्या इशाऱ्याचं चित्र छापून विकली जाते. ज्या बाईला वाचता येत नाही तिला चित्र तरी दिसावं, हा त्यामागचा हेतू. ती पुडी फाडून मिसरी डबीत भरते आणि चित्र चुलीत जातं.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. पुरुष ३५.५ टक्के आणि स्त्रिया १७ टक्के. विडी-सिगारेट ओढणारे त्यात अगदी थोडे आहेत. बाकी सगळी तंबाखू तोंडात, म्हणजे दातांच्या शेजारी, मुक्कामाला असते. स्त्रियांचा १७ टक्क्यांचा आकडा वाचून शहरातला वाचक चमकतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे पानटपरी येते आणि तिथे बाई दिसत नाही. बाई मोरीपाशी आहे.

मिसरी नसेल तिथे राखुंडी होती. खान्देश कापसाचा मुलूख. चुलीत पऱ्हाटी आणि गोवऱ्या जळायच्या, वांग्याचं भरीतही त्याच जाळावर भाजायचं आणि सकाळी त्याच राखेने दात आणि भांडी दोन्ही लख्ख व्हायची. शेजारी कडुनिंबाची, बाभळीची काडी होतीच. मीठ होतं, कोळसा होता, विटेची भुकटी होती. नंतर पुडीतली मंजनं आली. माकडछाप काळं मंजन जुन्या माणसांना अजून आठवतं. १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी विको सुरू केली आणि अठरा वनस्पतींची वज्रदंती घरोघर गेली. तिचं नाव जिच्यावरून पडलं ती वज्रदंती म्हणजे आपली पिवळी कोरांटी, खान्देशात बांधाबांधावर उगवणारी.

यातली काडी मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. चावून कुंचला केला आणि हिरडीपासून दाताच्या टोकाकडे फिरवला तर दातावरचा चिकट थर निघतो. कडुनिंबात जंतूंना आवरणारे गुण आहेत. बाभळीच्या सालीतल्या टॅनिनने हिरड्या आवळतात, म्हणून रक्त येणं थोडं कमी होतं. पण तेच टॅनिन दातावर तपकिरी छटाही ठेवून जातं. दात साफ ठेवायला काडी चांगली. ती रंग उजळवते हा समज तिच्या गळ्यात नंतर बांधला गेला.

राखेची गोष्ट निराळी. राखेने दात खरोखर पांढरे होतात, आणि फसगत इथेच होते. दाताचं वरचं कवच, ज्याला दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात, ते शरीरातली सर्वांत कठीण वस्तू आहे. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस पट्टीवर ते साधारण ५ वर येतं. राखेत, विटेच्या भुकटीत, मातीत जे वाळूचे बारीक कण असतात ते ७ वर. ५ वर ७ घासला की काय होणार? डाग निघतो आणि त्याच्याबरोबर कवचही निघतं. त्या दिवशी आरशात दात स्वच्छ दिसतो. पण कवच अर्धपारदर्शक आहे आणि त्याच्या आतला दंतिनाचा थर मुळातच पिवळसर आहे. पातळ झालेल्या पांढऱ्या पातळातून पिवळा परकर दिसावा तसा तो थर दिसायला लागतो. दात पिवळे दिसले की माणूस आणखी जोरात घासतो. कवच तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपलेल्या असतात, त्यामुळे एकदा गेलेलं कवच परत येत नाही. वीस वर्षं राख किंवा खरखरीत लाल मंजन लावलेल्या माणसाच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडलेल्या असतात आणि गार पाणी लागलं की तो कळवळतो. लाल मंजनांचा तांबडा रंग बहुधा गेरूचा असतो आणि गेरू म्हणजे लोहयुक्त माती.

आता कोळसा परत आला आहे. जळगावच्या फुले मार्केटात काय किंवा धुळ्याच्या पाचकंदीलला काय, दुकानाच्या फळीवर काळ्या पेस्टच्या चकचकीत नळ्या उभ्या आहेत. किंमत आजीच्या राखुंडीच्या काही शे पट. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये अशा पन्नास कोळसायुक्त उत्पादनांचा आढावा आला. ती सुरक्षित आहेत किंवा दात उजळवतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या नातवाने आजीचा कोळसा बंद करायला लावला तोच आता आवरण बदललेला कोळसा विकत आणतो. आजीला हे सांगितलं तर ती काही बोलणार नाही, पण हसेल नक्की.

स्वयंपाकघरातल्या बाकीच्या वस्तूंचं काय? खायचा सोडा या सगळ्यांत कमी उपद्रवी. तो दाताच्या कवचाहून बराच मऊ आहे, पाण्यात विरघळतो आणि चहाचे वरवरचे डाग थोडेफार उचलतो. म्हणूनच कित्येक टूथपेस्टमध्ये तो असतो. लिंबू त्याच्या उलट. तोंडातला सामू ५.५ च्या खाली गेला की कवचातली खनिजं विरघळू लागतात आणि लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच्या घरात असतो. लिंबू चोळल्यावर दात खरखरीत आणि आंबल्यासारखे लागतात, ते साफ झाल्याचं लक्षण नसून वरचा थर मऊ पडल्याचं आहे. त्यावर लगेच ब्रश फिरवला की तो मऊ थरही जातो. तुरटीचं पाणीही आम्लधर्मीच.

लिंबू आणि सोडा एकत्र केला की फसफस होते आणि पाहणाऱ्याला वाटतं, काम चालू आहे. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि मागे उरतं ते बरंचसं खारट पाणी. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात स्ट्रॉबेरी आणि सोड्याच्या मिश्रणाची दंतवैद्याकडच्या ब्लीचिंगशी तुलना झाली, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. घरच्या मिश्रणाने नाव घेण्यासारखा फरक पडला नव्हता. आपल्याकडे स्ट्रॉबेरीच्या जागी लिंबू आहे, एवढंच.

हळदीने दात पांढरे होतात हे ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याने हळद लागलेला ओटा कधी पुसलेला नसावा. त्यातही सोडा आणि हळद एकत्र करायला सांगणारे आहेत. हळदीला चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते. कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. म्हणजे या कृतीने दात पांढरे व्हायच्या आधी ब्रश कुंकवाच्या रंगाचा होतो. तिळाच्या तेलाच्या गुळण्यांना मात्र मी नावं ठेवणार नाही. आयुर्वेदात गंडूष आणि कवल आहेत, तोंडाला बरं वाटतं, नुकसान काही नाही. फक्त त्याने रंग बदलेल अशी आशा ठेवू नये.

दवाखान्यात पहिली पायरी सफाईची, म्हणजे स्केलिंगची. दातावर साचलेलं किटण कंप पावणाऱ्या टोकाने फोडून काढायचं आणि मग वर पॉलिश करायचं. चहाचे, तंबाखूचे, गुटख्याचे, मिसरीचे डाग याने जातात. खासगी दवाखान्यात साधारण ५०० ते १५०० रुपये पडतात आणि अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं. व्हाइटनिंग मागायला आलेल्या बऱ्याच जणांना सफाईनंतर आरसा दाखवला की तेवढ्यावरच समाधान होतं. दात पांढरेच होते, वरून मळलेले होते.

तरी गावाकडे सफाईला जितकी भीती आहे तितकी दात काढायलाही नाही. ‘मशीन लावलं की दात हलतात’ हे वाक्य खान्देशात कुठेही ऐकायला मिळतं. त्याचं मूळ समजून घेण्यासारखं आहे. वर्षानुवर्षं किटण साचलं की त्यावरच्या जंतूंनी हिरडी सुजते आणि ती व तिच्याखालचं हाड मागे सरकतं. दात आतून सैल झालेला असतो, पण किटणाच्या दगडी पट्टीने शेजारच्या दाताला बांधलेला असतो. पट्टी काढली की सैलपणा उघडा पडतो, फटी दिसतात, वारा लागतो. दोष जातो मशीनच्या माथी. हिरडी आवळून बसायला काही दिवस लागतात. दहा वर्षं विटेच्या भुकटीने दात घासलेला माणूस ‘मशीनने दात झिजतील’ म्हणून खुर्चीवरून उठून जातो, तेव्हा डॉक्टरने काय बोलावं?

दुसरी पायरी खऱ्या ब्लीचिंगची. दाताच्या आतल्या रंगाला हात घालणारं औषध एकच, पेरॉक्साइड. ते कवचातल्या सूक्ष्म वाटांनी आत शिरतं आणि रंगीत रेणू तोडतं. हा शोधही योगायोगाने लागला. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात १९६८ च्या सुमारास क्लुसमायर नावाच्या दंतवैद्याने एका रुग्णाच्या हिरड्यांसाठी पेरॉक्साइडचं औषध रात्रभर साच्यातून लावायला दिलं. हिरड्या सुधारल्या आणि दातही उजळले. १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन यांनी ही पद्धत शास्त्रीय रीतीने मांडली. आजही १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड साच्यात भरून काही आठवडे रात्री लावणं हा दंतवैद्याच्या देखरेखीखालचा सर्वांत सौम्य मार्ग मानतात. म्हणजे डॉक्टरी उपायातला सर्वांत चांगला प्रकार घरीच करायचा असतो. फक्त साचा तुमच्या दातांच्या मापाचा आणि औषध तोलून-मापून दिलेलं असतं. खुर्चीवर एका बैठकीत होतं त्यात २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात आणि हिरड्या झाकून घ्याव्या लागतात, नाहीतर त्या भाजतात. निळा दिवा पाहून लोक ‘लेझर केलं’ म्हणतात, पण काम मुख्यतः औषधाचं असतं.

खर्च सफाईच्या कितीतरी पट, काही हजारांत. परिणाम कायमचा नाही. वर्ष-दोन वर्षांत रंग हळूहळू परततो, चहा-तंबाखू चालू असेल तर त्याआधीच. काही दिवस दात सळसळतात. किडलेल्या किंवा हिरड्या सुजलेल्या तोंडात हे करायचं नसतं, गरोदरपणात नको आणि अठरा वर्षांखालील मुलांना तर नकोच. युरोपात २०१२ पासून ६ टक्क्यांवरचं औषध वापरायला बंदी आहे. त्याखालचंही ०.१ टक्क्याहून जास्त असेल तर पहिला हात दंतवैद्याचाच हवा. आपल्याकडे काही ब्युटी पार्लरांत फेशियलच्या यादीत ‘टीथ व्हाइटनिंग’ लिहिलेलं दिसतं. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला दातांवर उपचार करता येत नाहीत, हे पार्लरवाल्या ताईंना कुणी सांगितलेलं नसतं.

लग्नाच्या हंगामात एक चूक सर्रास होते. हळदीच्या आदल्या दिवशी ब्लीचिंगची वेळ घेतली जाते. ब्लीचिंगनंतर निदान दोन दिवस दात रंग लवकर धरतात. अशा वेळी पुढ्यात येते शेवभाजी, काळ्या मसाल्याची आमटी आणि पाहुण्यांबरोबर दहा वेळा चहा. करायचंच असेल तर लग्नाआधी दोन-तीन आठवडे करावं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीची सफाई करून घ्यायची असेल तर मात्र मुहूर्त लागत नाही. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठीही एक गोष्ट. सैन्यभरतीत दातांचे गुण मोजतात आणि किमान १४ लागतात. त्यात दात किती शाबूत आहेत हे पाहतात. पांढरेपणाला गुण नाहीत. पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोराने व्हाइटनिंगवर पैसे घालवण्याऐवजी किडलेली दाढ भरून घ्यावी.

काही रंगांवर पेरॉक्साइडचंही फारसं चालत नाही. लहानपणी टेट्रासायक्लिन दिलेल्या पिढीचे करडे-तपकिरी पट्टे, मार लागून मेलेला काळपट दात, आणि पाण्यातल्या फ्लोराइडचे डाग. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चांगलं धरतात, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त असलेलं पाणी लहानपणी प्यायलं की पक्के दात खडूसारखे पांढरे ठिपके आणि तपकिरी पट्टे घेऊनच उगवतात. विदर्भात यवतमाळ आणि चंद्रपूरकडच्या गावांनी हे फार भोगलं आहे. यावल-रावेरकडे केळीच्या पाण्यासाठी भूजल इतकं उपसलं गेलं आहे की बोअर वर्षागणिक खोल जाते. खोल बोअरचं पाणी घरात पिण्यासाठी वापरत असाल तर ते एकदा तपासून घ्या. घरातल्या दोन-तीन मुलांच्या दातांवर दोन्ही बाजूंनी सारखेच पट्टे दिसले तर मुलांना ‘नीट घासत नाही’ म्हणून रागावू नका. तो डाग घासून जाणारा नाही आणि त्यात मुलांची चूक नाही.

शेवटचा प्रकार रंगाचा नाहीच, पण येतो मात्र रंगाच्या निमित्ताने. विशी-बाविशीचा मुलगा दात पांढरे करायला खुर्चीवर बसतो. डॉक्टर म्हणतात, तोंड उघड, आणि ते उघडत नाही. आपली तीन बोटं उभी करून तोंडात घालून पाहा. बहुतेक निरोगी माणसांची जातात, याची दोनच जातात. गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ झालेली असते आणि तिखट लागलं की आग होते. सुपारीने होणारा हा आजार, आणि तो कर्करोगाच्या वाटेवरचा आहे. सुपारी एकटी, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था कधीच सांगून बसली आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. धुळे जिल्ह्यातून मुंबई-आग्रा महामार्ग मध्य प्रदेशात जातो आणि शिरपूरच्या बाजूला गुटख्याची पोती पकडल्याच्या बातम्या येतच राहतात. पकडली जात नाहीत ती पोती कुठे जातात ते टपरीवर दिसतं. आता पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतात आणि तोंडात एकत्र होतात. या मुलाला व्हाइटनिंग करून देणारा डॉक्टर पैसे मिळवील. त्याला आधी सुपारी सोडायला लावणारा डॉक्टर त्याचं तोंड वाचवील. अशा तोंडात ब्लीचिंगचा विषय काढणाऱ्या दवाखान्यातून सरळ उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग घरी काय करायचं? मऊ ब्रश, फ्लोराइडची साधी पेस्ट, दिवसातून दोनदा आणि जोर न लावता. चहा, कैरी, लिंबू यांनंतर पाण्याने चूळ. आठवड्यातून एखाद्या वेळी चिमूटभर सोडा चालेल. राख, विटेची भुकटी, कोळसा, लिंबू आणि केळीची साल यांना दातांपासून लांब ठेवा. वर्षातून एकदा सफाई करा, आणि सफाईनंतरही रंग खटकला तरच ब्लीचिंगचा विचार करा. पैसे नाहीत म्हणून सफाई टाळू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. चोपडा, जामनेर, शिरपूर अशा ठिकाणच्या उपजिल्हा रुग्णालयांत दंतचिकित्सकाची जागा भरलेली आहे का, हे जाऊन विचारा. भरलेली नसेल तर ती भरा म्हणून गावाने मागणी करावी, तसा आपला हक्क आहे. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे आणि तिथे शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात.

घरातल्या मिसरीच्या डबीशी भांडू नका. ती जिची आहे तिला तिच्या दुखऱ्या दाढेचा इलाज आधी करून द्या, मग डबी सोडायची गोष्ट काढा. तंबाखू सोडायला मदत लागली तर केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १८००-११-२३५६.